पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उठणारा फ्रेट बझ: नव्या इलेक्ट्रिक गिटारचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. दुकानात वाजवून घेतली तेव्हा गिटार स्वच्छ बोलत होती. घरी आणून आठवडा झाला आणि जाड तारा पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणायला लागल्या. ब्रिजवरची सॅडल (बॉडीच्या बाजूला तार जिच्यावर टेकते ती) थोडी वर केली, आवाज गेला. महिन्याभराने परत आला. पुन्हा सॅडल वर. असं करत दिवाळीपर्यंत तारा इतक्या उंच जातात की एफचा बार कॉर्ड धरताना मनगट भरून येतं, आणि बझ होता तिथेच असतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे चक्र जास्त दिसतं, कारण खाडीकाठची हवा आणि बेडरूममधला एसी या दोन्हींच्या मध्ये गिटारचं लाकूड दिवसातून दोनदा हेलकावे खातं. पण हवेला दोष देऊन उपयोग नाही. सॅडल उंच केल्यावर आवाज गेला म्हणजे दोष सॅडलमध्येच होता असं होत नाही, आणि नव्या गिटारमध्ये तर बहुधा तो नेकमध्येच असतो. म्हणून आधी मोजायचं, मग क्रमाने हात लावायचा: तारा, नेकचा बाक, तारांची उंची, नट (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि सगळ्यात शेवटी फ्रेट. हा क्रम उलटा केला की कानस फिरवून झाल्यावर कळतं की नेकच्या आतल्या ट्रस रॉडला अर्धपाव पीळ दिला असता तरी भागलं असतं.

आधी खात्री: हा फ्रेट बझच आहे का?

तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात. रुंद घोडीच्या उतारावर तार हलकेच घासत राहावी म्हणून खाली दोरा सरकवतात आणि त्यातून ती झणकार उठते. गिटारवर हीच झणकार नको तिथे, म्हणजे पुढच्या फ्रेटच्या डोक्यावर उठते. एकदा हा आवाज कानात बसला की बाकीचे खडखडाट वेगळे ओळखू येतात.

बाकीचे बरेच असतात. ट्यूनरच्या समोरच्या बाजूचा षटकोनी नट सैल असतो (बंद डब्बीच्या ट्यूनरला तो बहुधा १० मिमीचा), सॅडलचा एखादा उंचीचा स्क्रू हवेत लटकत असतो, हेडस्टॉकवरची तार दाबून धरणारी पट्टी थरथरते, ट्रेमोलोच्या (दांडीने हलणाऱ्या ब्रिजच्या) मागच्या स्प्रिंगा गुणगुणतात, जॅकचा नट हलतो. तार छेडत ठेवून दुसऱ्या हाताचं बोट एकेका भागावर टेकवा. ज्यावर बोट ठेवल्यावर आवाज थांबतो तो गुन्हेगार. नट आणि ट्यूनर यांच्यामधला तारांचा तुकडासुद्धा वाजतो, तिथे रुमाल गुंडाळून बघा. एकच ठरावीक सूर, समजा सा धरून कोमल ग, कुठल्याही तारेवर वाजवला तरी खडखड होत असेल, तर ते कुठलं तरी सैल झालेलं धातूचं पान त्या सुराला साथ देतंय. फ्रेटचा त्यात काही संबंध नाही. नेकच्या पाठीवर बोटाच्या गाठीने ठोकल्यावर आतून खुळखुळ आली तर ट्रस रॉड पूर्ण सैल आहे.

ॲम्पमधून येणारी सततची गुंऽऽ, जी तारांना हात लावला की कमी होते, ती अर्थिंगची आणि वायरिंगची गोष्ट आहे. ती इथे नको.

आणखी एक तपासणी. ॲम्प चालू करा, क्लीन चॅनल, डिस्टॉर्शन बंद, आवाज बोलण्याइतका. ॲम्पशिवाय कान लावून ऐकू येणारा हलका बझ ॲम्पमधून अजिबात येत नसेल आणि सूरही पूर्ण वेळ टिकत असेल, तर त्याला सोडून द्या. तारा खाली ठेवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला थोडी खरखर असतेच, आणि 'एकदम लो ॲक्शन, बझ शून्य' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी शोभतं (ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची). काळजी तेव्हा करायची, जेव्हा सूर ॲम्पमधूनही फुटतो किंवा एक-दोन सेकंदांत गुदमरून मरतो.

कुठे वाजतं ते कागदावर उतरवा

सहा तारा आणि बावीस फ्रेट, असा तक्ता वहीत आखा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर मध्यम जोराने एकदा वाजवा. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून असावं. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं की उगाच खरखर येते. जिथे बझ तिथे फुली. वीस मिनिटं जातात, पण पुढचे दोन तास वाचतात.

फुल्या पहिल्या ते पाचव्या फ्रेटच्या पट्ट्यात दाटल्या असतील आणि बाराव्याच्या पुढे सगळं स्वच्छ असेल, तर नेक गरजेपेक्षा सरळ आहे किंवा मागे वाकलाय. उलट नटाकडचा भाग स्वच्छ आणि बाराव्याच्या पुढे फुल्या, तर तारा खाली आहेत, नाहीतर नेकचा बाक जास्त झालाय, नाहीतर नेक-बॉडीच्या सांध्याजवळ फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) उचललाय. सगळीकडे सारख्या फुल्या असतील तर ॲक्शनच कमी. फक्त मोकळी तार झणझणते, पण पहिल्या फ्रेटपासून एकदम स्वच्छ, तर नटाची खाच खोल गेलीय. आणि एकाच फ्रेटवर, दोन-तीन शेजारशेजारच्या तारांना फुली असेल, समजा सातव्यावर बझ आणि आठव्यावर दाबल्यावर गायब, तर आठवा फ्रेट उंच आहे. लक्षात घ्या, सातव्यावर वाजतं म्हणून सातवा दोषी नसतो. तार आदळते ती पुढच्या फ्रेटवर.

लागणारं सामान

फीलर गेज, म्हणजे गाडीच्या टॅपेटचा गॅप मोजायला गॅरेजमध्ये वापरतात तो पात्यांचा जुडगा. ठाण्यात स्टेशनच्या बाजारपेठेत किंवा वाशी-तुर्भ्याच्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानात सहज मिळतो. ०.१ पासून अर्ध्या मिमीपर्यंत पाती असलेला घ्या. नाही मिळाला तर झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद जवळपास ०.१ मिमी जाड असतो: दोन कागद ०.२, तीन कागद ०.३. नव्वद टक्के काम त्यावर होतं.

१५ सेमीची स्टीलची पट्टी, जिचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो आणि जिच्यावर अर्ध्या मिमीच्या रेघा आहेत. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी चालत नाही, तिचा शून्य कडेपासून तीन-चार मिमी आत असतो. शिवाय कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि ॲलन की (षटकोनी चावी).

ॲलन कीवर जरा थांबायला हवं, कारण नव्या गिटारची सगळ्यात महागडी चूक इथे होते. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींना मिमीचं माप लागतं: सॅडलला १.५ मिमी, ट्रस रॉडला बहुधा ४ किंवा ५. अमेरिकी घडणीच्या बऱ्याच गिटारींना इंचाचं माप लागतं. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. त्यात ५ मिमीची की जातच नाही आणि ४.५ ची जाते, पण कोपऱ्यांवर घसरते. १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी, त्यात ३ ची की अशीच सैल बसते. दोन-तीनदा घसरली की आतला षटकोन गोल होतो, आणि मग रॉड फिरवण्यासाठी आख्खं ऑपरेशन. खोक्यात आलेली की जपून ठेवा. ती हरवली असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकातलं माप बघा, अंदाजाने की घालू नका. की आत पूर्ण बसल्यावर इकडे-तिकडे एक केसभरही डुलली नाही पाहिजे.

तारा आणि सूर

नव्या गिटारवरच्या तारा कारखान्यापासून दुकानापर्यंत किती महिने लटकल्या असतील सांगता येत नाही. खाडीच्या बाजूला तर त्या डोळ्यांदेखत गंजतात. खडबडीत झालेली तार सरळ थरथरत नाही, तिच्यावर घेतलेलं कुठलंही माप फसवं. नवा संच चढवा, पण जाडी तीच ठेवा. बहुतेक नव्या गिटारींवर ९-४२ असतो (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ६४८ मिमी लांबीच्या (नट ते सॅडल, तारेची वाजणारी लांबी) गिटारवर हा संच नेकवर मिळून साधारण ३८ किलोचा ताण देतो, १०-४६ चा जवळपास ४६ किलोचा. म्हणजे फक्त संच बदलला तरी नेकवर सात-आठ किलोंचा फरक पडतो आणि रॉडचं गणित बदलतं. १० वरून ९ वर आलात तर नेक मागे सरकतो, बझ येतो, आणि माणूस गिटारला दोष देत बसतो.

तारा ज्या सुरात वाजवता त्याच सुरात लावून मोजा. अर्ध्या सुराने खाली लावणारे, ड्रॉप डी (फक्त सगळ्यात जाड तार एक सूर उतरवून) वाजवणारे, यांना तारा ढिल्या असल्यामुळे जास्त जागा लागणारच. तरंगता ट्रेमोलो असेल तर हलक्या तारांनी ब्रिज मागे बसतो आणि ॲक्शन आपोआप खाली येते. अशा गिटारवर आधी ब्रिज जिथे हवा तिथे स्थिर करा, मग पुढे जा. पहिली गिटार असेल तर मागच्या स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून टाकणंच शहाणपणाचं.

पिकअपही (तारांखाली बसवलेले, तारेचा आवाज पकडणारे चुंबक) एकदा बघून घ्या. जाड तारेखाली तो फार वर आला की चुंबक तार खेचतो, बाराव्याच्या पुढचे सूर विचित्र डगमगतात आणि ते बझसारखं वाटतं. शेवटचा फ्रेट दाबून सिंगल कॉइल पिकअप जाड तारेपासून २ मिमी आणि बारीक तारेपासून १.६ मिमी खाली, ही चांगली सुरुवात.

नेकचा बाक: खरा मामला बहुतेक वेळा इथे असतो

छेडलेली तार मध्ये फुगते, चातीसारखी. तिला फुगायला जागा मिळावी म्हणून नेकला पुढच्या बाजूने अगदी हलका खोलगटपणा ठेवतात. त्याला रिलीफ म्हणतात. नेकच्या आत बसवलेला ट्रस रॉड तारांच्या ओढीला उलट ओढ देतो, आणि दोघांच्या तडजोडीतून तो बाक ठरतो.

गिटार मांडीवर वाजवण्याच्या स्थितीत धरा. टेबलावर पाठीवर झोपवून मोजू नका, हेडस्टॉकच्या वजनाने माप हलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी (सगळ्यात जाड) तार सतराव्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या पोटामध्ये जी फट दिसते, ती मोजायची. पातं फटीत सरकवताना तार जरासुद्धा उचलली जायला नको. पातं घासतं आणि तार हलत नाही, ते माप.

फेंडर या गिटार कंपनीने दिलेलं प्रमाण असं आहे: फिंगरबोर्डची गोलाई (त्याच्या कंसाची त्रिज्या) ९.५ ते १२ इंच असेल तर ०.२५ मिमी, जुन्या पद्धतीची ७.२५ इंच असेल तर ०.३, आणि १५ ते १७ इंच असेल तर ०.२. इतर ब्रँडसाठीही ०.२ ते ०.३ च्या दरम्यान सुरुवात करायला हरकत नाही. पातं नसेल तर आठव्या फ्रेटवर तारेला बोटाने टिचकी मारा. बारीक 'टिक' ऐकू आली आणि तार हलल्याचं दिसलं तर बाक आहे. तार फ्रेटवर मेल्यासारखी पडली असेल तर बाक नाही किंवा नेक मागे गेलाय, आणि पहिल्या पाच फ्रेटवरच्या तुमच्या फुल्यांचं उत्तर मिळालं.

आता रॉड. इथे एक घोळ मराठीत बोलताना हमखास होतो: तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात तिला नट म्हणतात आणि रॉडच्या टोकालाही नटच असतो. पुढे 'नट' म्हणजे पांढरी पट्टी, रॉडच्या टोकाला आपण 'रॉडचं तोंड' म्हणू. ते हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली असतं, नाहीतर नेकच्या दुसऱ्या टोकाला, बॉडीजवळ. दोन्हीकडे नियम एकच: तोंडाकडे समोरून बघत घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि नेक सरळ होतो, उलट दिशेने फिरवलं की सैल होतो आणि बाक वाढतो. बॉडीच्या बाजूने फिरवताना लोक गोंधळतात, कारण ते हेडस्टॉककडून बघितल्यासारखी दिशा धरतात.

फट कमी निघाली, समजा ०.०५ किंवा शून्य, तर रॉड घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा. किती? पाव फेरा म्हणजे काट्याने बारावरून तीनवर जाणं. आपण त्याच्या निम्म्याने जायचं, बारा ते दीड एवढंच, पण सैल करताना उलट दिशेने. मग पुन्हा सुरात लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. लागलं तर परत तेवढंच. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. लाकूड आपल्या गतीने स्थिरावतं, दुसऱ्या दिवशी सकाळी माप बहुतेक वेळा थोडं सरकलेलं दिसतं, ते अंतिम धरा. फट जास्त निघाली, समजा ०.४५, आणि बझ बाराव्याच्या पुढे असेल, तर रॉड आवळायचा आहे. आवळताना आधी तारा दोन सूर उतरवा, म्हणजे रॉडवर एकट्यावर भार येत नाही.

कुठेही जोर लागला, करकर आली, किंवा रॉड फिरतोय पण माप हलतच नाही, तर थांबा. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या रॉडमध्ये मध्ये एक सैल टप्पा येतो, तिथे थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग तो उलट बाजूने ढकलायला लागतो. तेवढं समजून घ्या. पण एकाच बाजूने काम करणारा रॉड पूर्ण सैल आहे आणि नेक तरीही मागेच वाकलेला, तर त्यावर घरी उपाय नाही. एकतर जाड तारा, नाहीतर सर्व्हिस. नवी गिटार असेल तर सरळ वॉरंटीत परत.

तारांची उंची

बाक जमल्यावरच सॅडलला हात लावायचा, कारण बाक वाढवला की ॲक्शनही थोडी वर आलेली असते. सतराव्या फ्रेटवर, कॅपोशिवाय, फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या पोटापर्यंत मोजा. ९.५ ते १२ इंच गोलाईसाठी फेंडरचं माप दोन्ही बाजूंना १.६ मिमी आहे. नव्याने शिकणाऱ्याचा हात जोरात पडतो, म्हणून जाड तारेला २ आणि बारीक तारेला १.६ वरून सुरुवात करा आणि बझ न येता जेवढं खाली आणता येईल तेवढं आणा.

सहा स्वतंत्र सॅडलच्या ब्रिजवर उंचीचे स्क्रू बहुधा ३ मिमीचे असतात, त्यांच्या आट्यांमधलं अंतर अर्धा मिमी. म्हणजे दोन्ही स्क्रू एक-एक पूर्ण फेरा वर केले तर सॅडल अर्धा मिमी उचललं जातं आणि बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मं, पाव मिमी, दिसतं. हे गणित डोक्यात असलं की अंदाजाने फिरवत बसावं लागत नाही. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं होऊन शेजारच्याला टेकतं. दोन्ही टोकं ब्रिजच्या पत्र्यावर घट्ट टेकली आहेत ना ते शेवटी बघा, अर्धवट लटकलेला स्क्रू स्वतःच वाजतो.

तारा एका सरळ रेषेत ठेवू नका. फिंगरबोर्ड गोल आहे, तर तारांनाही तीच गोलाई हवी. पुठ्ठ्यावर कंपासने २४१ मिमीच्या त्रिज्येचा कंस काढून कापला की ९.५ इंचाचा साचा तयार. (कंपास पुरत नाही, सुतळी आणि खिळा घ्या.) ब्रिजपाशी मधल्या दोन तारा कडेच्या तारांपेक्षा साधारण १.३ ते १.४ मिमी उंच येतात. ही गोलाई चुकली की नेमक्या दोनच तारा झणझणतात आणि माणूस फ्रेट तपासत बसतो. दोन मोठ्या चाकांवर बसणाऱ्या ब्रिजमध्ये गोलाई सॅडलच्या घडणीतच असते, तिथे फक्त दोन चाकं फिरवायची.

सॅडल पूर्ण वर करूनही तारा खालीच राहत असतील तर नेक जास्त मागे कललाय. बोल्टवरच्या नेकला, खाच असते तिथे हेडस्टॉककडच्या कडेला विजिटिंग कार्डाची पट्टी घालून तो पुढे कलवता येतो. त्याआधी नेकचे चार स्क्रू पूर्ण घट्ट आहेत का ते बघा, नव्या गिटारवर ते सैल निघणं अगदी साधी गोष्ट आहे.

फक्त मोकळी तार वाजते तेव्हा

ती तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. एखादा कागद जेमतेम जाईल एवढी हवी. तार पहिल्या फ्रेटवर पडलीच असेल तर खाच खोल आहे. गिटार परत करण्याच्या मुदतीत असेल तर परत करा, कारण पुढचा उपाय वॉरंटीला मारक आहे.

उपाय असा: तार बाजूला करा, खाचेच्या दोन्ही बाजूंना आणि फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावा. खाचेत खायचा सोडा चिमटीने भरा, वरचा जास्तीचा झटका. सुईच्या टोकाने फेविक्विकचा एक थेंब सोडा. सोडा तत्क्षणी दगडासारखा होतो, थोडा गरम होतो आणि वाफ डोळ्यात जाते, म्हणून तोंड लांब ठेवा आणि पंखा बंद करा, नाहीतर सोडा सगळ्या गिटारवर. पाच मिनिटांनी त्याच तारेच्या जाडीच्या कानशीने खाच परत काढा, मागे हेडस्टॉककडे किंचित उतार ठेवून. अशी कानस नसेल तर जुन्या वेटोळ्याच्या तारेचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून घासला तरी जाड तारांच्या खाचा निघतात. प्रत्येक चार-पाच घासण्यांनंतर तार बसवून तिसऱ्या फ्रेटची ती तपासणी पुन्हा करा. काढलेलं परत येत नाही.

एकच फ्रेट उंच असेल तर

स्टीलच्या ३० सेमी पट्टीचे तीन तुकडे कापा: ७०, ५० आणि ३५ मिमी. कापलेल्या टोकांचा बुरा काढा, मोजायला फक्त मूळ कारखान्याची कड वापरा. ७० मिमीचा तुकडा पहिल्या ते आठव्या फ्रेटपर्यंत, ५० चा सातव्या ते चौदाव्यापर्यंत, ३५ चा तेराव्याच्या पुढे, अशा बेताने तो नेहमी तीनच फ्रेटवर टेकतो (ही मापं ६४८ मिमी लांबीच्या गिटारची). तीन फ्रेटवर उभा धरा आणि दोन्ही टोकांना आळीपाळीने बोट दाबा. डुलला आणि 'टक्-टक्' आली तर मधला फ्रेट उंच. प्रत्येक तारेखाली वेगळं तपासा, फ्रेट बरेचदा एकाच बाजूने उठलेला असतो. रिलीफ आधी रॉडने शून्याच्या जवळ आणला तर ही तपासणी जास्त चोख होते.

उंची केवढी? साधारण फ्रेट एक मिमीच्या आसपास उंच असतो आणि एका कागदाएवढा, ०.१ मिमीचा उंचवटा संपूर्ण तार मारायला पुरतो. त्यामुळे डोळ्याने शोधायला जाऊ नका.

आता लाकडी मुठीने त्या फ्रेटवर दाबा आणि दाबून धरलेलं असतानाच डुलतं का ते बघा. दाबल्यावर टक्टक् थांबली तर फ्रेट खाचेतून सैल झालाय. नेकखाली वाळूची पिशवी किंवा घडी केलेली जाड चादर ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, कडांना टेप लावा, पातळ सायनोॲक्रिलेटचा (फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा) एकच थेंब फ्रेट आणि लाकडाच्या सांध्यात सोडा आणि लाकडाच्या ठोकळ्याने दाबून धरा. दाबूनही डुलतं, तर फ्रेट बसलेला आहे, उंचच आहे. तो कानशीने उतरवून परत गोल करावा लागतो. हे काम सरावाच्या हाताचं. सॅंडपेपरने घरी 'जरासं' घासून सपाट झालेले फ्रेट बघितले की वाईट वाटतं, कारण सपाट डोक्यावर तार पुढच्या कडेला टेकते आणि सूर बेसूर होतो. नव्या गिटारवर तीनपेक्षा जास्त फ्रेट उंच निघाले तर सेटअपवर पैसे घालू नका, वस्तू बदलून मागा.

पातळ तारांवर बाराव्याच्या पुढे बेंड घेतानाच सूर गुदमरतो, बाकी वेळी नाही? ७.२५ इंचाच्या जास्त गोल फिंगरबोर्डवर खाली ठेवलेल्या तारांचा हा स्वभाव आहे. बारीक तारा पाव मिमी वर घ्या, एवढंच.

परत का येतो

ठाण्या-बेलापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर सहज असते, रात्रभर एसी चाललेल्या खोलीत ती पन्नासच्या आसपास येते. सकाळी खिडकी उघडली की परत वर. लाकूड ओलावा पितं आणि सोडतं. फिंगरबोर्ड बहुधा उघडा असतो आणि मागची बाजू पॉलिशने बंद, म्हणून दोन बाजू सारख्या फुगत नाहीत आणि नेक हलतो. कुठल्या दिशेने, हे लाकूड आणि फिनिशवर आहे. काही नेक पावसाळ्यात मागे जातात, काही पुढे येतात. शेजाऱ्याच्या गिटारचा नियम आपल्याला लावू नका, मोजा.

ऑनलाइन मागवलेली गिटार खोक्यातून काढून लगेच रॉड फिरवू नका. ज्या खोलीत ती राहणार तिथे दोन दिवस सुरात लावून ठेवा. बंदिस्त बॅगमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि घड्याळाएवढा आर्द्रतामापक. साठ टक्क्यांवर गेला की पुड्या बदलायच्या. ४५ ते ५५ मध्ये राहिली तर नेक फार हलत नाही. एसीच्या झोताखाली भिंतीवर टांगू नका, बाल्कनीच्या भिंतीला तर अजिबात नको, पावसात ती भिंत आतून ओली असते.

ट्रेमोलोच्या मागच्या झाकणाच्या आत मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावर पेन्सिलने चार आकडे लिहा: तारीख, रिलीफ, जाड तारेची ॲक्शन, बारीक तारेची ॲक्शन. रॉडला हात लावलात तर दिशा आणि किती तेही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर आणि जानेवारीत एकदा माप घ्या. बझ आला आणि टेपवरचा रिलीफ ०.२५ चा ०.१० झालेला दिसला, तर सॅडलला बोटही लावू नका. रॉडला बारा ते दीड एवढाच पीळ, घड्याळाच्या उलट दिशेने, दहा मिनिटं थांबा, आणि पुन्हा मोजा.